दत्तक गावाचा वारसा : लातूर-नांदेड परिसरातील सेवाभावी कार्याची एक चिकित्सा

मराठवाड्यातील कोणत्याही जुन्या सेवाभावी संस्थेची स्मरणिका उघडली, तर तिची रचना साधारण ठरलेली असते. आरंभी मान्यवरांचे शुभसंदेश, मग संस्थापकांचे छायाचित्र, पुढे संस्थेची वाटचाल, देणगीदारांची यादी आणि शेवटच्या पानांवर लाभार्थ्यांची मनोगते. या मनोगतांत लाभार्थी बहुतेक वेळा आभार मानतो. सूचना करताना, हिशेब विचारताना किंवा 'हे आम्हाला असे नको होते' असे म्हणताना तो क्वचितच भेटतो. संस्था आणि तिच्या भोवतालचा समाज यांचे नाते कसे मानले गेले आहे, हे या पानांवरून कळते. प्रस्तुत लेखात त्या नात्याची तपासणी करायची आहे. त्यासाठी आधार घेतला आहे तो आपल्या भागात १९९३ नंतर रूढ झालेल्या एका शब्दप्रयोगाचा : 'दत्तक गाव'.

१. एक शब्द आणि त्याचा अर्थ

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, चारला काही मिनिटे असताना, लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांच्या सीमेवर भूकंप झाला. अनंत चतुर्दशीची रात्र नुकतीच सरत होती. गणपती विसर्जन करून आलेली माणसे झोपेत होती. ६.२ तीव्रतेच्या त्या धक्क्यात सुमारे ८ हजार माणसे गेली. औसा तालुक्यातील किल्लारीचे नाव तेव्हा जगभर पोहोचले आणि त्यापाठोपाठ मदतही आली. शासन, जागतिक बँक, उद्योगसमूह, वृत्तपत्रे, धार्मिक न्यास, परराज्यांतील संस्था असे सगळेच त्यात होते. केरळातील 'मलयाळ मनोरमा' या दैनिकाने लातूर जिल्ह्यातील एक गाव उभे करून दिले. भारतीय जैन संघटनेने भूकंपग्रस्त कुटुंबांतील सुमारे १२०० मुले शिक्षणासाठी पुण्याला नेली.

सर्वाधिक हानी झालेली ५२ गावे मूळ जागेवरून हलवून नव्या जागी वसवायचे ठरले. त्यांतील अनेक गावे बाहेरच्या संस्थांनी बांधून दिली. जमीन व मूलभूत सुविधा शासनाच्या, घरे देणगीदार संस्थेची, अशी विभागणी होती. या व्यवस्थेला लोकव्यवहारात नाव पडले 'गाव दत्तक घेणे'.

दत्तक हा आपल्या समाजाला चांगला ठाऊक असलेला विधी आहे. त्यात दोन गोष्टी घडतात. दत्तक गेलेले मूल जन्मघरापासून तुटते, आणि नव्या घरात त्याला औरस मुलाइतकाच वाटा मिळतो. एका बाजूला तुटणे आणि दुसऱ्या बाजूला हक्क, असा तो व्यवहार असतो. दत्तक गावांच्या बाबतीत पहिली गोष्ट पूर्णपणे घडली. गावठाण, पार, वेस, विहीर, मारुतीचे देऊळ मागे राहिले. प्रश्न दुसऱ्या गोष्टीचा आहे. नव्या घरात गावाला कोणता वाटा मिळाला? आपले घर कसे असावे, गल्ली कुठे वळावी, शेजारी कोण असावा, हे ठरवण्याचा हक्क मिळाला का?

२. घरांचे मोजमाप

जुने घर का पडले, हे आधी पाहिले पाहिजे. लातूर-उस्मानाबाद पट्ट्यातील घर म्हणजे रुंद दगडी भिंती, आत लाकडी खांब-तुळया आणि वर मातीचे जाड माळवद. घर मोठे की लहान हे खणांवर सांगायचे. माळवद उन्हाळ्यात गारवा देई, त्यावर धान्य वाळत पडे आणि रात्री माणसे झोपत. पण भिंत बांधताना आतला आणि बाहेरचा थर वेगवेगळा रचून मधली पोकळी माती-दगडांनी भरलेली असे. दोन्ही थर जोडणारे आरपार दगड फारसे नसत. धक्क्यासरशी हे थर फुटले आणि घरातल्यांवर कोसळले. लाकडी सांगाडा मात्र अनेक ठिकाणी उभाच राहिला, ही गोष्ट पाहणी करणाऱ्या अभियंत्यांनी नोंदवली आहे.

लोकांच्या मनात मात्र दगडाचीच भीती बसली, आणि ती स्वाभाविक होती. गाव सोडायचे, दगडाच्या घरात पुन्हा राहायचे नाही, सिमेंटचेच घर हवे, अशी मागणी खुद्द गावांतूनही झाली. स्थलांतर केवळ वरून लादले गेले, असे म्हणणे त्यामुळे खरे होणार नाही. पण पत्र्याच्या शेडमध्ये राहणाऱ्या, घरातली माणसे नुकतीच गमावलेल्या कुटुंबाने दिलेली संमती आणि विचारपूर्वक केलेली निवड यांत अंतर असते. हे अंतर ओळखणे ही देणाऱ्याची जबाबदारी होती.

नव्या घरांचे क्षेत्रफळ जमीनधारणेवर ठरले. भूमिहीन आणि १ हेक्टरपर्यंत जमीन असलेल्यांना २५० चौरस फूट, १ ते ७ हेक्टरवाल्यांना ४०० आणि त्याहून अधिक जमीन असलेल्यांना ७५०. शासनाच्या दृष्टीने यात तर्क होता : शेतकऱ्याला अवजारे, बी-बियाणे, जनावरे यांसाठी जागा लागते. परंतु ज्याचे सर्वस्व गेले त्याला त्याच्या पूर्वीच्या मालमत्तेच्या प्रमाणात मदत मिळाली, असाही याचा अर्थ होतो. त्यात अनेक नव्या वसाहतींत सारख्या आकाराची घरे एका रांगेत आली. भावकी विखुरली आणि जमिनीची उतरंड नकाशावर उमटली. सेवाभावी संस्थांनी घरे बांधली ती याच चौकटीत.

गावांचा आराखडा शहरी वसाहतीसारखा झाला. सरळ रस्ते, चौकोनी प्लॉट, मध्ये मोकळी जागा. जुन्या गावाच्या कितीतरी पट जमीन लागली आणि ती शेतीतून गेली. गाव पसरल्यामुळे रस्ते, गटारे, दिवे, पाणी यांचा देखभालीचा खर्च वाढला आणि तो ग्रामपंचायतीच्या माथी आला. पुनर्वसनाचा नंतर अभ्यास करणाऱ्या ॲलेक्स सालाझार आणि रोहित जिज्ञासू यांनी याच गोष्टींवर बोट ठेवले. सुरक्षित घराच्या कडेने लोकांनी पुढे आपल्या गरजेप्रमाणे ओसऱ्या, गोठे, पडव्या बांधल्या. त्यांतले बरेच बांधकाम पुन्हा दगड-मातीचे, जुन्याच पद्धतीचे होते. भूकंपाने शिकवलेला धडा घरांत उतरला होता, पण घर बांधणाऱ्या हातांत तो उतरला नव्हता.

३. दुसरी वाट

त्याच कार्यक्रमाची दुसरी बाजू फारशी सांगितली जात नाही, कारण तिथे उद्घाटनाची कोनशिला नव्हती. ५२ गावांच्या पलीकडे दोन्ही जिल्ह्यांत आणि आसपास लाखांच्या संख्येने तडकलेली घरे होती. ती पाडायची नव्हती, दुरुस्त करून मजबूत करायची होती. इथे ठेकेदाराऐवजी घरमालकावर काम सोपवले गेले. पैसे हप्त्याहप्त्याने त्याच्या बँक खात्यात, पाहणी अभियंत्याची आणि काम गावच्या गवंड्याचे.

ही योजना लोकांपर्यंत नेण्यासाठी प्रेमा गोपालन यांच्या स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेला शासनाने सोबत घेतले. गावोगावच्या महिला मंडळांतून स्त्रिया पुढे आल्या. त्यांना नाव मिळाले 'संवाद सहायक'. भिंतीत आरपार दगड कसा घालायचा, सिमेंटचा पट्टा कुठे फिरवायचा, माळवदावरची माती किती उतरवायची, हप्ता अडला तर कुठे विचारायचे, हे त्या घरोघर सांगत. ज्या बाईने तोवर तहसील कचेरीची पायरी चढली नव्हती, ती अभियंत्याशी वाद घालू लागली.

'लाभार्थी' आणि 'संवाद सहायक' या दोन शब्दांत या लेखाचा सगळा मुद्दा आहे. पहिला शब्द माणसाला रांगेत उभा करतो. दुसरा त्याला काम देतो, माहिती देतो आणि प्रश्न विचारण्याची मुभा देतो. २००१ साली कच्छमध्ये भूकंप झाला तेव्हा लातूर-उस्मानाबादच्या याच बायका तिथल्या बायकांना आपला अनुभव सांगायला गेल्या. मदत घेणारे गाव आठ वर्षांत मदत देणारे झाले होते. दत्तकाच्या भाषेत बोलायचे तर इथे वारसा खऱ्या अर्थाने हाती आला.

तरीही या वाटेला मर्यादा होती. ज्याचे घर नाही त्याला दुरुस्तीचा उपयोग काय? घरमालकाला मध्यभागी ठेवणारी योजना बेघर शेतमजुराला बाजूलाच ठेवते. आणि ५२ गावांत दुरुस्त करण्याजोगे काही उरलेच नव्हते. तेव्हा एक वाट सर्वस्वी चूक आणि दुसरी बरोबर, असा निवाडा करता येत नाही. निर्णयात गावाचा वाटा किती होता, एवढी एक कसोटी मात्र दोन्हीकडे लावता येते.

४. जे थांबले ते

हीच कसोटी या परिसरातील दीर्घकाळ काम करणाऱ्या संस्थांना लावून पाहता येते. लातूरला १९६६ साली काही तरुण डॉक्टरांनी एकत्र येऊन विवेकानंद रुग्णालय सुरू केले. त्यांतील डॉ. अशोक कुकडे यांना २०१९ मध्ये पद्मभूषण मिळाले. नांदेड जिल्ह्याच्या बिलोली तालुक्यात सगरोळी येथे बाबासाहेब देशमुखांनी १९५९ मध्ये संस्कृती संवर्धन मंडळ स्थापन केले. शाळेपासून सुरू झालेले ते काम पुढे कृषी विज्ञान केंद्रापर्यंत गेले. लातूरला लागून असलेल्या जिल्ह्यात, अणदूरला, डॉ. शशिकांत अहंकारी यांच्या हॅलो मेडिकल फाउंडेशनने गावातल्याच स्त्रियांना प्राथमिक उपचार शिकवून 'भारतवैद्य' केले. नांदेड एज्युकेशन सोसायटीचे पीपल्स कॉलेज १९५० चे. निजामी राजवटीतून नुकत्याच सुटलेल्या या प्रदेशाने उच्च शिक्षणाची सोय स्वतः उभी केली आणि पुढे तिथेच प्राचार्य झालेल्या नरहर कुरुंदकरांनी त्या गावाला वाद घालण्याची सवय लावली.

या संस्थांच्या विचारसरणी एकमेकींपासून पुष्कळ दूर आहेत. पण त्यांच्यात एक साम्य आहे : काम करणारी माणसे तिथेच राहिली. चूक झाली तर त्यांना दुसऱ्या दिवशी बाजारात लोक भेटणार होते. हे साधे वाटते, पण लेखापरीक्षणाइतकेच ते परिणामकारक असते. दोष मात्र याही रचनेत आहे. संस्थापकाच्या शब्दावर चालणारी संस्था त्याच्यामागे अनेकदा घराण्याची होते. मराठवाड्यात शिक्षणसंस्था आणि राजकारण यांचे जे मिश्रण झाले, ते वाचकांना वेगळे सांगायला नको.

नांदेडच्या गुरुद्वाऱ्यातील लंगर हा याहून वेगळा नमुना आहे. तिथे दाता आणि घेणारा एकाच पंगतीत बसतात. कोण कुठला, किती गरजू, असे कोणी विचारत नाही, म्हणून कोणी लाभार्थीही ठरत नाही. उत्पन्नाचा दशांश देण्याच्या दसवंध परंपरेमुळे निधीही एखाद्या मोठ्या देणगीदाराच्या मर्जीवर अवलंबून राहत नाही. लंगर भूक भागवतो, भुकेचे कारण दूर करत नाही, हे खरे. पण दान घेताना मान खाली जाऊ नये यासाठी काय करावे लागते, हे तिथे रोज पाहायला मिळते.

५. हिशेब कोणाला द्यायचा?

आता कायद्याकडे वळू. १९५० चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा विश्वस्तांना धर्मादाय आयुक्तांना उत्तरदायी धरतो. विश्वस्त बदलला तर बदल अर्ज, जमीन विकायची तर परवानगी, दरवर्षी लेखापरीक्षण. आयकरातली सवलत देणगीदाराला पावती देते. २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना नफ्याचा २ टक्के भाग सामाजिक कामावर खर्च करायला लावला, पण कारखान्याच्या परिसराला प्राधान्य द्यावे असेही सांगितले. जिथे मोठे कारखाने कमी, तिथे हा पैसा कमी येणार हे उघड आहे. २०२० च्या दुरुस्तीनंतर परदेशी निधी मोठ्या संस्थेला छोट्या संस्थेकडे वळवता येत नाही. त्याचा फटका तालुक्याच्या गावी दोन खोल्यांत काम करणाऱ्या संस्थेला बसतो.

या सगळ्या व्यवस्थेत हिशेब वरच्या दिशेने जातो : आयुक्ताकडे, कंपनीकडे, आयकर खात्याकडे. ज्या गावासाठी काम चालते त्या गावाकडे तो येत नाही. एक अपवाद आहे. धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्यात, असे मुंबई उच्च न्यायालयाने मंजूर केलेली योजना सांगते. तिथे रुग्ण उपकृत नसतो, तो हक्क मागायला येतो. अशा तरतुदी इतर क्षेत्रांत का नाहीत, हा विचारण्याजोगा प्रश्न आहे.

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली. त्याच वर्षी लातूरकरांनी वर्गणी काढून मांजरा नदीतला गाळ उपसला. गावाने स्वतःच्या पैशाने, स्वतःच्या नदीसाठी केलेले ते काम होते आणि त्याचे मोल मोठे आहे. पण त्याच खोऱ्यातल्या उसाला किती पाणी जावे, हा प्रश्न वर्गणीच्या सभेत सुटणारा नव्हता. सेवाभावाची हद्द तिथे संपते आणि राजकारणाची सुरू होते. संस्थांनी निदान तो प्रश्न मोठ्याने विचारावा, एवढी अपेक्षा गैर नाही.

यासाठी फार मोठी योजना लागत नाही. संस्थेचा वार्षिक अहवाल देणगीदाराला पाठवण्याआधी ग्रामसभेत वाचला जावा. त्यावर झालेल्या चर्चेची नोंद अहवालातच छापली जावी, तक्रारींसकट. विश्वस्त मंडळावर ज्यांच्यासाठी काम चालते त्यांच्यातले निदान दोघे असावेत. असे झाले तर स्मरणिकेच्या शेवटच्या पानांवर आभाराशेजारी एखादा आक्षेपही वाचायला मिळेल, आणि गावाला त्याचा वाटा मिळू लागला आहे असे तेव्हा म्हणता येईल.