समुद्र फार, खाडी कमी

कोकण किनाऱ्यावरच्या प्रवासवर्णनांवर माझा मुख्य आक्षेप असा, की त्यांत समुद्र फार असतो. जमेच्या बाजूला समुद्र, सूर्यास्त, माडांच्या राया आणि ‘निळाशार’ हे विशेषण; खर्चाची बाजू कोरी. अशी वही आमच्या बँकेत आणलीत तर तपासनीस चष्मा पुसून पुन्हा बघेल.

चैत्रात श्रीवर्धनहून सावकाश दक्षिणेला निघा आणि ताडून पाहा. रस्ता समुद्र दाखवतो न दाखवतो तोच डोंगराआड जातो. मग चिऱ्यांचे गडगे, पिकल्या काजूबोंडांचा आंबूस वास, कुलूप लावलेली घरं. आणि खाड्या! बागमांडल्याला सावित्री आडवी येते, दाभोळला वाशिष्ठी, तवसाळला शास्त्री. दाभोळ-धोपावे फेरीबोट 2003 साली सुरू झाली. त्याआधी समोरचा धोपावे नुसता बघायचा आणि गाडी खेड-चिपळूणच्या वळशाला लावायची.

लेखकमंडळींना ही बोट भारी आवडते. या खाड्यांवर पूल बांधायचे ठरले आहे म्हटल्यावर त्यांचा गळा दाटून येतो. अहो, पण तुमच्या शेजारी मासळीची पाटी घेऊन बसलेल्या मावशींना विचारलंत का? बर्फ वितळत असताना संथ लय कानाला गोड लागत नाही. रात्री कुणाच्या छातीत कळ आली आणि शेवटची बोट गेलेली असली, तर त्या घराला पुन्हा तोच वळसा. सावकाशपणा आपण चार दिवसांच्या रजेवर उपभोगायचा, त्याचे हप्ते मात्र गावाने भरायचे, असा हा व्यवहार.

वरसईचे गोडसे भटजी कोकणातलेच. घरचं कर्ज फिटावं म्हणून दक्षिणेच्या आशेने ते उत्तरेला निघाले आणि 1857 च्या धामधुमीत सापडले. ‘माझा प्रवास’ 1907 मध्ये छापून आलं. ते आजही का वाचवतं? माणूस घरातून का निघाला, काय मिळालं, कुठे लुटला गेला, सगळं त्यात आहे. बी.कॉम. नसूनही हिशेब चोख!

आमच्या प्रवासवर्णनांत मात्र खाडी ‘क्षणात’ पार होते. जेट्टीवर बोटीची वाट बघत तास-अर्धा तास काढावा लागतो. तेवढा वेळ लेखक कुठे बघत होता, कोण जाणे. बहुधा समुद्राकडे.