95 अंशांवरची आडवी रेषा

लिक्विड कूलिंग बसवलेला डेस्कटॉप तापू लागला की नजर स्क्रीनवरच्या एकाच आकड्यावर खिळते. वाचण्यासारखा मजकूर मात्र त्या आकड्याच्या मागे सरकत जाणाऱ्या रेषेत असतो. एएमडीचा रायझन 9 7950एक्स घ्या. सप्टेंबर 2022 मध्ये आलेला हा 16 कोअरचा प्रोसेसर 230 वॅटपर्यंत वीज घेऊ शकतो. त्याची तापमर्यादा 95 अंश सेल्सिअस. त्याला अर्धा तास पूर्ण कामाला जुंपा, मग थांबवा, आणि त्या वेळाचा तापमानाचा आलेख समोर ठेवा.

आरंभी, काम सुरू होण्याआधी, रेषा काटेरी दिसते. ब्राउझर उघडला की एखादा कोअर क्षणभर वेग घेतो आणि काटा वर येतो. हे काटे निरुपद्रवी आहेत. पाहायची ती त्यांच्या मुळाची पातळी. रेडिएटरमधले पाणी खोलीतल्या हवेपेक्षा थंड होऊ शकत नाही, म्हणून नागपूरच्या मे महिन्यात ही पातळी वरच राहणार. पण काहीही काम नसताना ती मिनिटामिनिटाला चढत असेल, तर सगळे सोडून आधी पंप तपासावा: त्याची वायर सुटली असेल, किंवा बायोसने त्याला साधा फॅन समजून वेग उतरवला असेल.

काम सुरू होताच रेषा उसळते. या चढात दोन लयी आहेत, आणि त्यांचा क्रम ख्यालाच्या उलटा: द्रुत आधी, विलंबित नंतर. पहिली उसळी पाण्यापर्यंत पोहोचण्याआधीची. कोअर असलेल्या दोन चिप प्रत्येकी जेमतेम 70 चौरस मिलिमीटरच्या. एवढ्याशा जागेतली उष्णता प्रोसेसरचे धातूचे झाकण आणि थर्मल पेस्ट ओलांडून मगच कूलरला मिळते. नंतरचा संथ चढ पाण्याचा. 300 ग्रॅम पाण्यात 200 वॅट उष्णता शिरली आणि बाहेर पडलीच नाही, तर ते मिनिटाला साडेनऊ अंशांनी तापेल. रेडिएटर उष्णता बाहेर टाकत राहतो, म्हणून प्रत्यक्षात हा चढ सौम्य होत होत थांबतो.

मग येते 95 वरची आडवी रेषा. अनेकांना इथेच धडकी भरते. पण पूर्ण भाराखाली 95 पर्यंत जायचे आणि तिथे स्वतःला आवरायचे, अशीच या प्रोसेसरची घडण आहे. इथे तापमान गप्प होते, बोलतात त्या शेजारच्या विजेच्या आणि वेगाच्या रेषा. 95 अंशांवर प्रोसेसर 220 वॅट घेत असेल तर कूलर आपले काम करतो आहे. त्याच 95 वर तो 150 वॅटवरच अडला असेल आणि वेगही घसरत असेल, तर उष्णता वाटेत कुठेतरी अडकली आहे.

कुठे, ते उतार सांगतो, म्हणून या आलेखातला सर्वांत बोलका भाग मला तो वाटतो. काम थांबताच रेषा 95 वरून क्षणात 45 ला कोसळली आणि उरलेले काही अंश रेंगाळत उतरली, तर पाणी थंडच होते. मग मोठा रेडिएटर आणून काय साधणार? दोष प्रोसेसर आणि कूलरच्या मधल्या सांध्यात: सुकलेली पेस्ट, एका बाजूला कमी आवळलेले स्क्रू, कधी तळाला तशीच राहिलेली प्लास्टिकची फिल्म. उलट रेषा 70 च्या आसपासच लोंबकळली, तर उष्णता पाण्यात साचली आहे. मग दोन्ही नळ्यांना हात लावून पाहावे. पाणी नीट वाहत असेल तर त्यांच्यात दोन-तीन अंशांचाच फरक असतो, हाताला तो जेमतेम कळतो. दोन्ही सारख्याच गरम लागल्या तर रेडिएटरमधली धूळ आणि फॅन पाहावेत. एक गरम आणि दुसरी गार लागली तर प्रवाह मंदावला आहे: पंप थकला आहे, कूलरच्या बारीक पन्हळींत गाळ बसला आहे, किंवा पंपात हवा शिरली आहे. रबरी नळ्यांतून वर्षानुवर्षे थोडे थोडे पाणी उडून जाते आणि त्याची जागा घेणारी हवा सर्वांत उंच ठिकाणी जमते. म्हणून रेडिएटरचा वरचा भाग पंपापेक्षा उंच हवा.

उतारही निर्दोष, वॅटही पूर्ण, तरी 95 खटकतेच? मग बायोसमध्ये इको मोडचा 105 वॅटचा पर्याय निवडावा. तापमान बरेच उतरते, त्या मानाने वेग थोडाच कमी होतो, आणि नवे काही विकत घ्यावे लागत नाही.