यादी छापली, पण ती पूर्ण आहे का?

शाळेच्या संगणक-कक्षातील यंत्रे जाळ्याने जोडलेली असली, की विद्यार्थ्यांचे प्रकल्प मुख्य संगणकावरील सामाईक फोल्डरांत साठत जातात. वर्षअखेरीस कोणत्या फोल्डरात काय आहे याची यादी करावी लागते. एकेक फोल्डर उघडून नावे उतरवून घेण्यापेक्षा एका ओळीची आज्ञा द्यावी आणि यादी थेट मजकुराच्या फाइलीत उतरवावी, हे केव्हाही शहाणपणाचे. संगणक शिकवताना ही आज्ञा बहुधा ‘सोपी युक्ती’ म्हणून दोन मिनिटांत उरकली जाते. ती सोपी आहे, यात शंका नाही. पण तिने दिलेली यादी पूर्ण असते का? आणि अपूर्ण असेल, तर ते आपल्याला कळते का? या दोन कसोट्यांवर ती तपासायला हवी.

आधी गुण पाहू. ‘डिर’ ही आज्ञा डॉसच्या १९८१ च्या पहिल्या आवृत्तीपासून आहे. १९८३ च्या दुसऱ्या आवृत्तीत फोल्डरात फोल्डर ठेवण्याची सोय आली आणि पडद्यावर उमटणारा मजकूर > या चिन्हाने फाइलीकडे वळवता येऊ लागला. १९९१ च्या पाचव्या आवृत्तीत ‘/एस’ (आतले सर्व फोल्डर) आणि ‘/बी’ (फक्त नावे) हे पर्याय मिळाले. ‘डिर /एस /बी > यादी’ या धर्तीची ओळ आजच्या विंडोजवरही चालते. इतकी वर्षे टिकलेली साधने संगणकाच्या जगात थोडीच.

या ओळीतून शिकवण्यासारखेही पुष्कळ आहे. ‘/बी’ न देता यादी त्याच फोल्डरात लिहायला सांगा. यादीत यादीच्याच फाइलीचे नाव सापडेल आणि तिचा आकार शून्य दिसेल! कारण, आज्ञा सुरू होण्याआधी > मुळे रिकामी फाइल तयार होते आणि नंतर ‘डिर’ तिलाही मोजते. क्रिया कोणत्या क्रमाने घडतात हे दाखवणारा इतका स्वस्त प्रयोग दुसरा नाही.

आता दोष. पहिला दोष मौनाचा. लपवलेल्या म्हणून खूण केलेल्या फाइली ‘डिर’ आपण होऊन दाखवत नाही. त्यासाठी ‘/ए’ हा पर्याय द्यावा लागतो. ते न दिल्यास ‘काही वगळले आहे’ असा एक शब्दही यादीत येत नाही. शिवाय > चिन्ह फक्त नेहमीचा मजकूर वळवते. अडचणीच्या सूचना वेगळ्या मार्गाने पडद्यावर जातात. आज्ञा रात्री आपोआप चालवली, तर त्या वाचायला समोर कोणीच नसते. सकाळी हाती येते ती नीटनेटकी, पण कदाचित तुटकी यादी.

दुसरा दोष जाळ्यामुळे उद्भवतो. सामाईक फोल्डराला आपण ‘झेड’सारखे ड्राइव्हचे अक्षर देतो. ते अक्षर त्या वापरकर्त्याच्या बैठकीपुरतेच असते. दुसऱ्या खात्यावरून आपोआप चालणाऱ्या आज्ञेला ते दिसत नाही. म्हणून \\ ने सुरू होणारा पूर्ण पत्ता लिहावा. पण विंडोजमध्ये पत्त्याला परंपरेने २६० अक्षरांची मर्यादा आहे. २०१६ पासून ती सैल करता येते, पण त्यासाठी मुद्दाम बदल करावा लागतो. लहान अक्षराखाली बसलेली खोलवरची फाइल पूर्ण पत्त्याने पाहू गेल्यास मर्यादेबाहेर जाऊ शकते.

तिसरा दोष आपल्याला अधिक जवळचा. काळ्या खिडकीतील जुन्या अक्षरसंचात देवनागरीला जागाच नाही. त्यामुळे ‘पाऊस’ नावाच्या फाइलीऐवजी यादीत प्रश्नचिन्हांची रांग येते. ‘चकप ६५००१’ (सी-एच-सी-पी) ही आज्ञा आधी दिल्यास युनिकोडमध्ये यादी मिळते. पण ही गोष्ट शिकवणारे थोडे.

२००६ मध्ये आलेल्या पॉवरशेलने यात सुधारणा करायला हवी होती, आणि काही अंशी केलीही. तेथे ‘गेट-चाइल्डआयटेम’ नुसत्या ओळी देत नाही; नाव, आकार, तारीख असे वेगवेगळे गुणधर्म असलेल्या वस्तू देते. तक्ता करणे, गाळणे, मोजणे त्यामुळे फार सुकर होते. बंद फोल्डर लागला तर ती लाल अक्षरांत तक्रारही करते. पण ही तक्रार दिसू नये म्हणून तिला गप्प करणारा पर्याय सर्रास जोडला जातो. हा दोष साधनाचा नव्हे, सवयीचा. मात्र विंडोजबरोबर येणारी ५.१ ही आवृत्ती तक्ता फाइलीत लिहिताना, वेगळे सांगितले नाही तर, देवनागरीची पुन्हा प्रश्नचिन्हेच करते. ही चूक २०१८ च्या सहाव्या आवृत्तीत सुधारली. तोवर एक तप उलटून गेले होते.

क्रमाचा प्रश्न उरतोच. युनिकोडच्या क्रमात ‘ळ’ हा ‘ल’नंतर लगेच येतो, आपल्या वर्णमालेत तो ‘ह’नंतर. ‘क्ष’ हे जोडाक्षर असल्याने ‘क’मध्ये जाते. ‘दुसऱ्या’ मधील अर्धा र दोन प्रकारे टंकित होतो. डोळ्यांना नावे सारखी, संगणकाला दोन वेगळ्या फाइली.

मग ही युक्ती शिकवू नये का? अवश्य शिकवावी, पण निरीक्षण म्हणून, सत्य म्हणून नव्हे. प्रयोगवहीत आपण तारीख, उपकरण आणि त्रुटी लिहितो. तसेच यादीच्या डोक्यावर ती केव्हा, कोणत्या खात्यावरून, कोणत्या पत्त्याची केली आणि किती फाइली मिळाल्या हे लिहावे. अडचणीच्या सूचना वेगळ्या फाइलीत जपून ठेवाव्यात. वर्गात एकच यादी विद्यार्थ्याच्या आणि शिक्षकाच्या खात्यावरून काढून ‘एफसी’ आज्ञेने ताडून पाहावी. दोहोंत पडणारा फरक विद्यार्थ्यांना पुष्कळ काही सांगून जाईल. ज्या यादीत काय नाही हे सांगता येत नाही, तिच्या भरवशावर जुन्या फाइली पुसून टाकणे धोक्याचे आहे.