वाटाड्याचे क्रियापद

मराठी वाङ्मयाच्या इतिहासात रायपूरचे नाव क्वचितच येते. १८१८ मध्ये नागपूरच्या राज्यावर इंग्रजांची देखरेख सुरू झाल्यावर छत्तीसगडच्या कारभाराचे ठाणे रतनपुराहून येथे हलले. १८५४ मध्ये भोसल्यांचे राज्य खालसा झाले. त्या राज्याबरोबर या मुलखात आलेली अनेक मराठी कुटुंबे मात्र माघारी गेली नाहीत. घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर हिंदी किंवा छत्तीसगढी, असा त्यांचा व्यवहार पिढ्यानपिढ्या चालला. माधवराव सप्रे (१८७१-१९२६) हे याच दुभाषी परंपरेतले. त्यांची मातृभाषा मराठी, परंतु लेखनाची भाषा हिंदी. १९०० मध्ये पेंड्र्याहून 'छत्तीसगढ़ मित्र' हे मासिक त्यांनी काढले, १९०७ मध्ये नागपुरातून 'हिंदी केसरी' सुरू केले, १९०८ मध्ये राजद्रोहाच्या आरोपाखाली त्यांना अटक झाली. सुटकेनंतर ते रामदासांच्या ग्रंथांकडे वळले. 'दासबोध' त्यांनी हिंदीत आणला, त्यानंतर टिळकांचे 'गीतारहस्य'ही आणले. त्यांचा शेवट रायपुरातच झाला.

'दासबोध' हिंदीत नेणे, हे शब्दप्रयोग म्हणून सहज लिहिता येते. पण नेमक्या याच क्रियापदापाशी मराठीतून हिंदीत जाणाऱ्या अनुवादकाला थांबावे लागते, कारण हिंदीत 'नेणे' नाही. संस्कृतातील 'नी' हा धातू मराठीने जसाच्या तसा जिवंत ठेवला. त्याचे 'नेणे' झाले, 'आ' उपसर्ग लागून 'आणणे' झाले. हिंदीने ही जागा दोन क्रियापदे जोडून भरून काढली: 'ले जाना', म्हणजे घेऊन जाणे. 'लाना' हे रूपही 'ले आना' याच जोडणीचा संक्षेप आहे. यात हिंदीचे दारिद्र्य पाहण्याचे कारण नाही. 'ले जाना' आणि 'ले चलना' यांत हिंदी जो भेद करते, म्हणजे बोलणारा सोबत चालणार आहे की नाही हा, तो मराठीच्या 'नेणे'त नाही. तरीही गुरुशिष्यांच्या नात्यावर उभ्या असलेल्या ग्रंथात ही अडचण क्षुल्लक ठरत नाही. 'दासबोधा'च्या पाचव्या दशकाचे पहिले तीन समास गुरुनिश्चय, गुरुलक्षण आणि शिष्यलक्षण यांवर आहेत. एकाने दुसऱ्याला वाटेने न्यायचे म्हणजे नेमके काय करायचे, हाच तेथील प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर बऱ्याच अंशी क्रियापदांत दडलेले असते.

जुन्या मराठीत या कामासाठी एक शब्द नव्हता, तीन होते, आणि ते परस्परांचे पर्याय नव्हते. पहिला 'नेणे'. यात नेणाऱ्याची हालचाल आणि नेल्या जाणाऱ्याची हालचाल एकच असते. नेला जाणारा जागा आहे की झोपलेला, जाणता आहे की अजाण, याची क्रियापदाला पर्वा नाही. मूल नेतात, ओझे नेतात, प्रेतही नेतात. दुसरा 'दाविणे' किंवा 'दाखविणे'. हे पाहण्याचे प्रयोजक रूप आहे. दाखविणारा जागेवर उभा राहू शकतो, पण पाहणाऱ्याला डोळे असावेच लागतात. तिसरा 'लाविणे', म्हणजे लागण्याचे प्रयोजक रूप: वाटेला लावणे, मार्गी लावणे, वळण लावणे. यात दोघांचा संबंध क्षणापुरता असतो. एकदा माणूस वाटेला लागला की लावणाऱ्याचे काम संपते. 'वाटेला लावणे' याला पुढे कटवणे, निकालात काढणे असा तिरकस अर्थ आला, तो याच तुटलेपणातून. ('वळण' हा शब्दही मुळात गुरे वळण्याच्या जवळचा आहे. मुलांना वळण लावणाऱ्या घरांना हे बहुधा आवडणार नाही.)

या तिघांत 'नेणे' सर्वांत गुंतागुंतीचे, कारण ओवीत त्याच्याच उच्चाराचे दुसरे रूप वावरत असते. 'न' आणि 'जाणणे' यांचा जुना सांधा जुळताना मधला 'ज' गळाला आणि 'नेणे' म्हणजे 'जाणत नाही' असे रूप तयार झाले. 'नेणता', 'नेणीव', 'जाणतेनेणते' हे शब्द त्याच कुळातले. व्याकरणाच्या दृष्टीने येथे खरा घोटाळा नाही. एक कोशातले धातुनाम आहे, दुसरे वाक्यातले क्रियारूप, आणि प्रसंग दोहोंना सहज वेगळे करतो. परंतु महाविद्यालयात पहिल्यांदा ओवी वाचणारा विद्यार्थी येथे हमखास अडखळतो. घेऊन जाणे आणि ठाऊक नसणे, ही दोन अगदी वेगळ्या घरांतली रूपे मराठीच्या कानाला एकच ऐकू यावीत, हा ध्वनिपरिवर्तनाचा अपघात आहे. त्यावर तत्त्वज्ञान रचणे योग्य नव्हे. एवढे मात्र म्हणता येते की, नेण्यासाठी जाणणे आवश्यक आहे असे मराठीच्या 'नेणे' या धातूने कधीच मानले नाही. 'नी' हा धातू हालचालीचा आहे, ज्ञानाचा नाही.

मध्ययुगीन इंग्रजीने याच्या अगदी उलट बाजूने सुरुवात केली होती, आणि म्हणून तिच्याकडे पाहणे उपयोगाचे ठरते. जुन्या इंग्रजीत 'वीसियन' आणि 'विस्सियन' अशी दोन जवळची क्रियापदे होती. पहिले शहाणा या अर्थाच्या विशेषणापासून झालेले, दुसरे निश्चित, खात्रीचे या अर्थाच्या शब्दाशी जोडलेले. दोन्हींच्या मुळाशी जाणण्याचा धातू, म्हणजे संस्कृतातील 'विद्'चा दूरचा भाऊ. वाट दाखविणे म्हणजे दुसऱ्याला जाणते करणे, ही त्यामागची कल्पना. 'बिओवुल्फ' या जुन्या महाकाव्यात किनाऱ्यावरचा पहारेकरी परक्या योद्ध्यांना राजाच्या महालापर्यंत पोचविण्याचे वचन देतो तेव्हा हेच क्रियापद वापरतो. थोड्या ओळींनंतर खुद्द पायवाटच माणसांना वाट दाखविते, आणि तेथेही क्रियापद हेच. मराठीत रस्ता 'जातो', फार तर 'नेतो'. तो शहाणे करीत नाही.

पुढे मध्य इंग्रजीत ही दोन्ही रूपे एकमेकांत मिसळून 'विस्सेन' झाली. वाट दाखविणे, शिकविणे, उपदेश करणे असा त्यांचा विस्तार होता. नॉर्मन विजयानंतर फ्रेंचमधून आधी 'गीएन' आणि नंतर, चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात, 'गाइड' आले. सोळाव्या शतकापर्यंत जुने क्रियापद बाजूला पडले. गंमत अशी की फ्रेंच 'गीदे' हा शब्दसुद्धा फ्रँक लोकांच्या जर्मानिक भाषेतून उचललेला, आणि व्युत्पत्तिकारांच्या सर्वसाधारण मताप्रमाणे त्याचे मूळही पाहण्या-जाणण्याच्या त्याच आदिम धातूत आहे. म्हणजे घरच्या शब्दाला दरबारी वेषात परत आलेल्या नातेवाइकाने हुसकावले. जर्मनीत मात्र 'वाइझेन' आजही नांदते आणि रस्त्यावरच्या दिशादर्शक पाटीला त्याच शब्दाची जोड आहे. इंग्रजीतले दुसरे टिकलेले क्रियापद 'लीड'. ते प्रवास करणे या धातूचे जुने प्रयोजक रूप आहे. मराठीत त्याला 'चालविणे' म्हणावे लागेल.

या दोन क्रियापदांचा सामना एकाच काव्यात पाहायला मिळतो. विल्यम लँगलंडच्या 'पिअर्स प्लाउमन' या चौदाव्या शतकातील रचनेत यात्रेकरूंचा मोठा जथा 'सत्य' नावाच्या संताचा शोध घेत निघतो. त्यांना एक व्यावसायिक यात्रेकरू भेटतो. त्याच्या अंगावर देशोदेशीच्या तीर्थांच्या खुणा लटकत असतात. सत्याकडे जाणारी वाट तू सांगू शकशील का, असे ते त्याला विचारतात, आणि तेथे जुने 'विस्सेन' येते. त्याने त्या संताचे नावसुद्धा ऐकलेले नसते. तेवढ्यात एक नांगऱ्या डोके पुढे काढतो: ती वाट त्याला ठाऊक आहे, आणि तो मोबदला घेत नाही. तो सविस्तर वाट सांगतो. ती ऐकून यात्रेकरू म्हणतात की पावलोपावली सोबत येणारा कोणी असल्याशिवाय ही वाट बिकट आहे, आणि येथे नवा 'गाइड' येतो. सांगितलेली वाट त्यांना पुरत नाही, त्यांना नेणारा हवा. नांगऱ्याचे उत्तर असे की, त्याचा अर्धा एकर नांगरून झाल्यावर तो येईल. मग सगळा जथा त्या शेतात कामाला लागतो. 'दाखविणे' आणि 'नेणे' यांतले अंतर इतक्या नाट्यमय रीतीने मांडलेले स्थळ मराठी वाचकालाही परके वाटू नये. ज्ञानेश्वरीच्या अखेरीस कवी स्वतःचे वर्णन, भाष्यकारांना वाट विचारत व्यासांच्या पाऊलखुणांवरून चालणारा, असे करतो. तेथेही सांगणारे आणि पुढे चालून गेलेला हे दोघे वेगळे आहेत.

लँगलंडचा वाट जाणणारा माणूस समाजाच्या तळाचा आहे, ही गोष्ट मराठीच्या संदर्भात अधिक बोचरी होते. मराठीत वाट दाखविणाऱ्याला 'वाटाड्या' असा अस्सल शब्द आहे. गावगाड्यात हे काम बहुतेक ठिकाणी महारांकडे असे. परगावच्या अंमलदाराला शिवेपर्यंत पोचवायचे, त्याचे ओझे वाहायचे, रात्री-अपरात्री हाक आली की निघायचे. त्रिंबक नारायण आत्र्यांच्या 'गाव-गाडा' (१९१५) या ग्रंथात ग्रामसेवेच्या या साऱ्या रचनेचे वर्णन आहे. वाट सर्वांत चांगली ज्याला ठाऊक, त्याला पुढे चालावे लागे. पण पुढे चालणे हा येथे मान नव्हता, ती वेठ होती. डॉ. आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले ते याच गुलामगिरीविरुद्ध, आणि कनिष्ठ ग्रामवतने रद्द करणारा कायदा व्हायला १९५८ साल उजाडले. इंग्रज कवीने नांगऱ्याला सत्याचा वाटाड्या केले ते रूपकात. मराठी मुलखात खरा वाटाड्या अस्पृश्य ठरविलेला होता, आणि भाषेने त्याच्या नावाला 'गुरू'च्या पंक्तीला कधी बसविले नाही.

वाटाड्या प्रवासवर्णनांत आणि डोंगर चढणाऱ्यांच्या बोलण्यात उरला. बाकी सर्वत्र 'मार्गदर्शक' आला. 'मार्गदर्शन' हा संस्कृत घटकांचा शब्द शिक्षण, कारभार आणि सभा-संमेलने यांच्या मराठीत इतका रुळला आहे की तो मुळापासून असावा असे वाटते. त्याला दोष द्यायचा तो संस्कृत म्हणून नव्हे. 'नेता', 'नायक', 'नीती' हे शब्दही संस्कृतच आहेत आणि कोणालाही त्यांची अडचण नाही. अडचण व्याकरणाची आहे. 'वाटेला लावले' म्हटले की वाट वाक्यात असते. 'नेले' म्हटले की कोठे, हे सांगावे लागते, नाहीतर ऐकणारा विचारतोच. 'मार्गदर्शन केले' या वाक्याला मात्र ना वाट लागते ना मुक्काम. शब्दात मार्ग असूनही वाक्यातून तो नाहीसा होतो. म्हणूनच समारंभाच्या बातमीत 'पाहुण्यांनी उपस्थितांना मार्गदर्शन केले' एवढ्यावर भागते; पाहुणे बोलले, असा त्याचा सरळ अर्थ. प्रबंधाच्या ऋणनिर्देशातही हाच शब्द येतो. तेथे तो कधी खरोखर बोट धरून चालविल्याबद्दल असतो, कधी फक्त सही केल्याबद्दल, आणि शब्दावरून ते कळायला मार्ग नसतो.

मध्ययुगीन ग्रंथांच्या आधुनिक गद्यरूपांत आणि विद्यार्थ्यांसाठी लिहिलेल्या विवरणांत या शब्दाचे परिणाम अधिक गंभीर होतात. मूळ ओवीत कोठे 'नेणे' असते, कोठे 'दाविणे', कोठे 'लाविणे'. विवरणकार तिन्हींचा अर्थ 'मार्गदर्शन करणे' असाच देतो. मग गुरू शिष्याला उचलून पलीकडे पोचवितो आहे, की काठावर उभा राहून उतार दाखवितो आहे, की पाण्यात उतरवून निघून जातो आहे, हा भेद पुसला जातो. भक्तीच्या आणि ज्ञानाच्या परंपरांचा सारा वाद पुष्कळदा याच भेदावर उभा आहे. ज्याला नेले जाते त्याने काय जाणले पाहिजे, असा तो प्रश्न. इंग्रजीने 'विस्सेन' गमावले तेव्हा वाट दाखविण्यातला 'जाणते करण्या'चा अंश ऐकू येईनासा झाला. मराठीत तिन्ही क्रियापदे रोजच्या बोलण्यात धडधाकट आहेत; फक्त विवरणकार त्यांच्याकडे पाहत नाही.

सप्र्यांसारख्या अनुवादकाला ही सोय नव्हती. मराठी 'नेणे'पुढे हिंदीचे 'ले जाना' ठेवायचे की 'ले चलना', म्हणजे गुरू सोबत चालतो आहे की नाही, हे दर ओवीला ठरविल्याखेरीज ओळ पुढे सरकत नाही. 'मार्गदर्शन' हा शब्द मात्र आज दोन्ही भाषांत सारखाच लिहिला जातो. रायपूरच्या एखाद्या मराठी घरातून तो हिंदीत जातो तेव्हा त्याचा अनुवाद करावा लागत नाही, आणि उंबऱ्यावर कोणी त्याला थांबवून कोठे निघालास असे विचारीत नाही. 'वाटाड्या'ला अजून थांबावे लागते.