नऊ नद्यांचं काय करायचं?

गेल्या महिन्यात जुना लॅपटॉप विकायला काढला, तेव्हा डी ड्राइव्हमध्ये एक फोल्डर सापडलं. सेकंड इयरला हॉस्टेलवर मी आणि माझ्या रूममेटने मिळून एक दुनिया रचली होती. नऊ नद्या, चार राजघराणी, तीनशे वर्षांच्या वंशावळी, शे-दीडशे शब्दांची एक भाषा. इंजिनीअरिंग ड्रॉइंगच्या शीटमागे काढलेल्या नकाशांचे फोटोही होते. गोष्ट मात्र एकही नव्हती. रूममेट आता परदेशात असतो. त्याला स्क्रीनशॉट पाठवून विचारलं, 'याचं काय करायचं?' उत्तर आलं, 'तुझं तू बघ. मला काही नको.'

गंमत म्हणून विचारलेला प्रश्न या उत्तराने गळ्यात पडला. अर्धी दुनिया त्याची होती आणि निर्णय एकट्या माझ्यावर आला होता. अशा वेळी 'द सिल्मरिलियन' पुन्हा वाचायला घेतलं, कारण हे पुस्तक अशाच एका निर्णयातून जन्मलं आहे.

टॉल्कीनने या दुनियेतल्या पहिल्या कथा १९१६-१७च्या सुमारास लिहिल्या. सोमच्या लढाईतून आजारी पडून परतलेला तो एक तरुण अधिकारी होता. १९७३मध्ये तो वारला तेव्हाही त्या कथा पूर्ण नव्हत्या. मधल्या काळात 'द हॉबिट' आणि 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' छापून झाले, पण मूळ पुराण तसंच राहिलं. आळस हे त्याचं कारण नव्हतं. तो पायाच बदलत राहिला. त्याच्या पुराणात आधी पृथ्वी सपाट असते आणि सूर्य-चंद्र दोन दिव्य वृक्षांच्या शेवटच्या फळा-फुलातून घडतात. उतारवयात त्याला वाटू लागलं, की एल्फांसारख्या ज्ञानी लोकांना एवढं खगोलशास्त्र तर कळायलाच हवं. मग त्याने पृथ्वी सुरुवातीपासून गोल धरून पाहिली. आमच्या धंद्यात चालू सिस्टिमचा डेटाबेस मुळातून बदलायला घेतला, की वरचं सगळं कोसळतं. इथेही तेच झालं. त्या वृक्षांच्या प्रकाशावर अख्खी कथा उभी होती.

निर्णय मुलावर आला. टॉल्कीन जिवंत असताना ख्रिस्तोफरने त्याच्यासाठी नकाशे काढले होते. आता त्याने पन्नासेक वर्षांच्या खर्ड्यांमधून एक सलग पुस्तक घडवलं आणि १९७७मध्ये प्रसिद्ध केलं. मदतीला गाय गॅव्हरिएल के हा तरुण होता, जो पुढे स्वतः फँटसी लेखक झाला. काही ठिकाणी वडिलांचा मजकूर पुरेना. डोरिआथच्या नाशाचं प्रकरण तर जवळपास नव्याने रचावं लागलं. तिथे आपण मर्यादा ओलांडली, असं ख्रिस्तोफरला पुढे वाटलं.

पुस्तक म्हणून ते कसं आहे? मला ते थोर वाटतं, पण थंड. बरेच वाचक बेलेरिआंडच्या भूगोलाच्या प्रकरणात पुस्तक मिटतात. यावेळी तिथे पोहोचलो आणि वाटलं, हे तर आमचंच फोल्डर! कुठली नदी कुठे उगम पावते, कुठलं राज्य कुणाचं. भाषा अर्थात शंभरपट सुंदर, पण वाचणाऱ्याला उभं राहायला जागा नाही.

आता बेरेन आणि लूथिएनची कथा घ्या. 'सिल्मरिलियन'मध्ये तिला स्वतंत्र, मोठं प्रकरण आहे. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मध्ये तीच कथा अ‍ॅरागॉर्न वेदरटॉपच्या डोंगरावर हॉबिटांना थोडक्यात ऐकवतो. थंडी आहे, अंधार आहे, काळे घोडेस्वार मागावर आहेत. आपल्याला कथेचा तुकडाच मिळतो, पण तो जास्त खोल जातो, कारण आपण चार घाबरलेल्या माणसांच्या शेजारी बसून तो ऐकत असतो. टॉल्कीनला हे माहीत होतं. दूरच्या शहराचे मनोरे दिसण्यात जी जादू असते, ती तिथे जाऊन पोहोचल्यावर राहत नाही, अशा अर्थाचं त्याने एका पत्रात लिहिलं आहे.

अगदी सुरुवातीच्या खर्ड्यांत ऐकणारा होता. एरिओल नावाचा एक खलाशी एल्फांच्या बेटावर येतो आणि शेकोटीपाशी बसून या कथा ऐकतो. १९७७च्या पुस्तकात तो नाही. कथांना अशी काही चौकट न देणं ही चूक होती, हे ख्रिस्तोफरने १९८३मध्ये मान्य केलं. त्या वर्षी त्याने सगळे खर्डे, खाडाखोडीसकट, छापायला घेतले. १९९६पर्यंत त्याचे बारा खंड झाले. हे काम जास्त प्रामाणिक आहे यात शंका नाही. पण मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. त्या खंडांत ऐकणारा परत आला आहे. तो म्हणजे स्वतः ख्रिस्तोफर, वडिलांच्या कागदांपाशी बसलेला.

दुसऱ्याच्या दुनियेचा निर्णय घेणारं आणखी एक घर इंग्लंडमध्येच होतं. ब्राँटे भावंडांचा खेळ १८२६मध्ये भावाच्या लाकडी सैनिकांपासून सुरू झाला. शार्लट आणि ब्रॅनवेलची अँग्रिया झाली, एमिली आणि अ‍ॅनचं गोंडाल. शार्लटने १८३९च्या आसपास अँग्रियाचा रीतसर निरोप घेतला. एमिलीने गोंडाल सोडलं नाही. १८४५मध्ये तिच्या कवितांची वही शार्लटच्या हाती लागली, तेव्हा ती आधी चिडली. पुढच्या वर्षी तिघी बहिणींच्या कविता छापल्या गेल्या, त्यात गोंडालची नावं गाळलेली होती. 'द प्रिझनर' ही कविता तर एका लांबलचक गोंडाल-कवितेतून कापून काढलेली आहे. नकाशा गेला, राण्या गेल्या, कोठडी आणि कैदी उरले. ती वाचायला गोंडाल ठाऊक असावं लागत नाही. एमिली गेल्यावर मात्र शार्लटने तिच्या उरलेल्या कविता छापताना त्यांत स्वतःचे बदलही केले. गोंडालचं गद्य तर आज शिल्लकच नाही.

म्हणजे पेच असा आहे. दुनिया अख्खी मांडली तर वाचक बाहेर राहतो. कापून आत घेतला तर ज्याची दुनिया त्याचं काहीतरी जातं. मला कापणं बरोबर वाटतं. फक्त मूळ कागद फेकायचे नाहीत आणि दुसऱ्याने लिहिलेल्यावर आपला हात फिरवायचा नाही.

तर मी फोल्डरची एक प्रत तशीच ठेवली आहे, स्पेलिंगच्या चुकांसकट. दुसऱ्या प्रतीतून एकच नदी उचलली आणि तिच्यावर एक नावाडी बसवला. त्याला बाकीच्या आठ नद्यांची नावं ऐकून माहीत आहेत. राजघराण्यांपैकी एकाचाच कर तो भरतो. तेवढ्यावर चार पानं झाली. ती रूममेटला पाठवली. दोन दिवस काहीच नाही. मग रात्री दीड वाजता मेसेज आला : 'नदीचा शब्द चुकलाय. शेवटी आकार नाही, ऊकार आहे.'

भाषा त्याने केली होती. मी चारही पानांत ऊकार केला.