मोत्यांची किंमत: एका कादंबरीबद्दल

आज ट्रेसी शेव्हालिए यांच्या ‘गर्ल विथ अ पर्ल इअररिंग’ या कादंबरीबद्दल बोलू. कादंबरी १९९९ सालची. तुमच्यापैकी पुष्कळांनी २००३ सालचा चित्रपट पाहिला असेल; तो आज बाजूला ठेवू या.

आधी मूळ चित्र. योहानेस व्हर्मीरनं ते डेल्फ्टमध्ये साधारण १६६५च्या सुमारास काढलं. १८८१ साली लिलावात ते अवघ्या दोन गिल्डरांना गेलं, म्हणजे जवळजवळ फुकटच. आज ते हेगच्या मॉरित्सहाउस संग्रहालयात आहे. त्यातली मुलगी कोण, हे कुणालाच माहीत नाही. डच लोक अशा चित्राला ‘ट्रोनी’ म्हणत. अमुक एका व्यक्तीची ओळख पटावी म्हणून काढलेलं हे चित्र नव्हे. नुसता एक चेहरा, एक मुद्रा, एक पेहराव. तिच्या फेट्याचा निळा रंग लाजवर्द दगडाचा, आणि तो दगड आजच्या अफगाणिस्तानातून आलेला, हे तपासात कळलं. दगडाचं गाव सापडलं, मुलीचं नाही.

या रिकाम्या जागी शेव्हालिए सोळा वर्षांची ग्रीट नावाची मोलकरीण उभी करतात. लगेच आक्षेप येतो की हे काही खरं नाही. अहो, कादंबरी आहे ती, कोर्टातली साक्ष नव्हे! मला विचारायचंय ते वेगळंच. एखाद्या चित्राला प्रेमकथा जोडली, की ते चित्र आपल्याला जास्त दिसायला लागतं, की कमी?

पूर्वार्धापुरतं माझं उत्तर ‘जास्त’ असं आहे. ग्रीटचे वडील फरशांवर चित्रं काढायचे. भट्टीच्या स्फोटात त्यांची दृष्टी गेली. आंधळ्या माणसाच्या घरात वस्तू जिथल्या तिथे ठेवाव्या लागतात, म्हणून ग्रीटला एक गोष्ट नेमकी येते: काहीही जागचं न हलवता साफसफाई करणं. चित्रकाराच्या खोलीत हीच विद्या लागते. म्हणजे बघा, तिची नजर घडली ती वडिलांच्या अंधत्वातून. पुढे व्हर्मीर तिला ढगांचा रंग विचारतो. पांढरा, ती म्हणते. नीट बघ, तो सांगतो. मग तिला त्या पांढऱ्यात निळा दिसतो, पिवळा दिसतो. ज्ञानमीमांसेत आम्ही जे वर्षभर शिकवायचो, की पाहणं आणि ‘ठाऊक आहे’ म्हणून पाहणं या दोन गोष्टी निराळ्या, ते इथे एका पानात येतं.

आणि एक दिवस ग्रीट टेबलावरचं निळं कापड स्वतःच्या मनानं हलवते. चित्राला तो विस्कटलेपणा हवा होता, हे तिला कळलेलं असतं. चित्रकार ते मान्य करतो. माझ्या मते या कादंबरीतला प्रेमाचा खरा प्रसंग हाच. दोन माणसं एकाच गोष्टीकडे बघतायत आणि क्षणभर बरोबरीची झालीयत.

उत्तरार्धात मात्र गडबड होते. व्हॅन रायव्हन या धनिकाला लेखिका सरळसरळ लंपट करून टाकतात. हा माणूस इतिहासात खरोखर होऊन गेला, व्हर्मीरची चित्रं त्याच्या घरात होती. पण तो असा होता याला कागदोपत्री आधार नाही. मग असं का केलं? वासना सगळी गिऱ्हाइकाच्या माथी मारली, की चित्रकार आपोआप शुद्ध राहतो. पण जरा हिशेब मांडा. एकाला तिचं शरीर हवंय, दुसऱ्याला तिचा चेहरा. हा दुसराही तिला कान टोचून घ्यायला लावतो. चित्रात दिसणार एकच कान, पण टोचायचे दोन्ही! कांट म्हणतो, माणसाला केवळ साधन म्हणून वापरू नका. इथे दोघंही तेच करतायत, पण एकाचा राग यावा आणि दुसऱ्यासाठी हुरहुर वाटावी अशी कथेची रचना आहे. कलेसाठी केलेला वापर हा वापरच नव्हे, असा एक सोयीस्कर समज आपल्या सगळ्यांच्याच मनात असतो. कादंबरी त्याला धक्का लावत लावत शेवटी गोंजारून सोडते.

तरीही शेवटची पानं तिला वाचवतात. व्हर्मीर १६७५ साली वारला तेव्हा मागे विधवा, अकरा मुलं आणि कर्ज होतं. पाववाल्याचीसुद्धा उधारी होती. हा झाला इतिहास. कादंबरीत त्या घराची पंधरा गिल्डरांची उधारी खाटकाकडे असते, आणि ग्रीट आता त्या खाटकाची बायको. व्हर्मीरनं तिच्या नावे ठेवलेले मोती तिच्या हाती येतात. ती ते घालत नाही, उराशी धरत नाही. वीस गिल्डरांना विकते. पंधरा नवऱ्याला उधारीपोटी द्यायचे, पाच लपवून ठेवायचे.

ते पाच गिल्डर कशाचे? प्रेमाची आठवण म्हणा, हवं तर. मला ती तिची मजुरी वाटते. रंग कुटले, कान टोचले, तासन्‌तास मान वळवून बसली, त्याची. लेखिकेनं उत्तर दिलेलं नाही, हे बरंच केलं.

कादंबरी जरूर वाचा. आणि मग चित्र पुन्हा बघाल तेव्हा ‘ही कुणाच्या प्रेमात आहे’ हे थोडा वेळ विसरा. ती बसलीय किती वेळ, आणि तिला कुणी विचारलं होतं का, एवढंच मनाशी विचारा.

इथे थांबतो.