एकाच बर्फावरचे वैरी

आरंभी वैर आणि अखेरीस विवाह हा कथेचा साचा जुनाच आहे. शेक्सपिअरच्या बिआट्रिस आणि बेनेडिक यांनी तो चारशे वर्षांपूर्वी रंगभूमीवर गाजविला. जेन ऑस्टिन यांनी 1813 साली ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ प्रसिद्ध करून त्याला कादंबरीत कायमचे घर दिले. वासुदेवराव केळकरांच्या ‘त्राटिके’मुळे मराठी प्रेक्षकालाही त्याची रुची ठाऊक झाली. नवे आहे ते क्रीडांगण. आज इंग्रजीत खेळाडूंच्या प्रेमकथांचा पूर आलेला आहे आणि त्यांत आइस हॉकीला मोठा मान आहे. बर्फाचे मैदान कधी डोळ्यांनी न पाहिलेल्या आमच्या वसईच्या मुलीही या कादंबऱ्या आवडीने वाचतात. ही आवड उथळ आहे असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण ते टीकाकाराला शोभत नाही, आणि धर्मगुरूला तर मुळीच नाही.

हॅना ग्रेस या इंग्लिश लेखिकेची ‘आइसब्रेकर’ (2022) ही या प्रकारातली फार वाचली गेलेली कादंबरी. अ‍ॅनास्टेशिया ही कॅलिफोर्नियातल्या एका कल्पित विद्यापीठात शिकणारी, जोडीने फिगर स्केटिंग करणारी, ऑलिंपिकचा ध्यास घेतलेली मुलगी. नेथन हा तिथल्याच हॉकी संघाचा कर्णधार. कोणाच्या तरी खोडसाळपणाने हॉकीचे मैदान निकामी होते आणि दोन्ही गटांना एकच मैदान वाटून घ्यावे लागते. भांडणाचे मूळ एवढेच. इथे आम्हांला सेमिनरीतले लॅटिन आठवते. प्रतिस्पर्ध्याला इंग्रजीत जो ‘रायव्हल’ शब्द आहे, तो ‘रिव्हस’ म्हणजे ओहोळ या शब्दापासून आलेला. एकाच ओहोळाचे पाणी घेणारे ते ‘रिव्हालिस’. ज्यांच्या वाडवडिलांनी एका विहिरीवर पाण्याच्या पाळ्या लावल्या, त्या आमच्या वाचकांना याचा अर्थ निराळा सांगायला नको. वैर दूरच्याशी होत नाही. ज्याची तहान आपल्यासारखीच आहे, त्याच्याशी ते होते.

खेळ या कथांना नेमके हेच पुरवितो. शिवाय खेळात रागाला शिट्टी असते, पंच असतो, वेळेची मर्यादा असते. वाचक निर्धास्तपणे भांडण पाहू शकतो. प्रतिस्पर्ध्याला हरवायचे तर त्याची चाल, त्याचा दम, त्याची भीती यांचा अभ्यास करावा लागतो, आणि इतके लक्ष आपल्याकडे सहसा कोणी देत नाही. ‘द कटिंग एज’ (1992) या चित्रपटात डोळ्याच्या दुखापतीमुळे हॉकीला मुकलेला एक गडी एका तोऱ्यातल्या फिगर स्केटर मुलीचा जोडीदार होतो. फिगर स्केटिंगच्या पात्याला पुढच्या टोकाशी दाते असतात, हॉकीच्या पात्याला ते नसतात. त्यामुळे हा कसलेला खेळाडू पहिल्याच दिवशी पुनःपुन्हा तोंडावर आपटतो. अहंकार मोडण्याचे इतके साधे आणि शारीरिक चित्र पुष्कळ गंभीर कादंबऱ्यांनाही साधलेले नाही. पवित्र शास्त्रात याकोब रात्रभर एका अनोळखी प्रतिस्पर्ध्याशी कुस्ती खेळतो आणि पहाटे आशीर्वाद मिळाल्यावाचून त्याला सोडीत नाही. तो जातो तो लंगडत. या कथांच्या वाचकाला अशाच एखाद्या झोंबीची ओढ असावी, असे आम्हांला वाटते.

पण ‘आइसब्रेकर’ची खरी कमाई वेगळीच आहे आणि तिच्या चाहत्यांच्याही ती क्वचित ध्यानात येते. अ‍ॅनास्टेशियाचा स्केटिंगमधला जोडीदार आरन हा तिचा मित्र, एकाच घरात राहणारा. काळजीच्या नावाखाली तोच तिच्या खाण्यापिण्यावर पहारा ठेवतो, तिचे मन खचवितो. जो वैरी म्हणून समोर आला, तो तिने पोटभर जेवावे म्हणून धडपडतो. ऑस्टिनच्या कादंबरीत गोडबोल्या विकम आणि ताठ डार्सी यांची अशीच अदलाबदल होते. संत इग्नेशियस लोयोला यांनी आत्म्यांची पारख शिकविताना प्रकाशदूताचा वेष घेणाऱ्या वैऱ्याविषयी सावध केले आहे. एका लोकप्रिय कादंबरीत हे सूत्र अजाणता आलेले पाहून आम्हांला आनंद वाटला.

तक्रारीही आहेत. नेथन हा वैरी म्हणावा तर पहिल्या भेटीपासूनच तिच्यावर लुब्ध आहे. राग काय तो तिच्याच बाजूने. क्षमा करावी असे त्याने काही केलेलेच नाही. शत्रूवर प्रीती करा या प्रभूच्या आज्ञेतला शत्रू देखणा नसतो, आणि तो शेवटच्या प्रकरणापर्यंत बदलेलच अशी हमीही नसते. मुखपृष्ठावर बालकथेसारखे चित्र आणि आत शय्यागृहाची सविस्तर वर्णने, याबद्दल आमची तक्रार नीतीची आहेच, पण कलेचीही आहे. दोघांमधले अंतर इतक्या लवकर मिटल्यावर उरलेली शेकडो पाने कशाच्या बळावर चालायची?

याहून गंभीर गोष्ट या प्रकारातल्या हिणकस पुस्तकांची. त्यांत नायकाचा उद्धटपणा, अपमान, मनगट धरणे, हे सगळे दडलेल्या प्रेमाची खूण म्हणून खपविले जाते. विवाहित जोडप्यांची गाऱ्हाणी ऐकण्याचे काम आमच्याकडे वर्षानुवर्षे आहे. ‘मनातून चांगला आहे तो, फादर, बदलेल’ हे वाक्य आम्ही सुजलेल्या चेहऱ्यांकडून ऐकले आहे. घरात पंच नसतो आणि शिट्टीही नसते. एलिझाबेथ मात्र डार्सीच्या बदलण्याची वाट पाहत बसली नव्हती. तिने त्याला तोंडावर नकार दिला, आणि तो नकार पचवून तो बदलला. ऑस्टिन यांनी ही पायरी गाळली असती, तर दोनशे वर्षांनी त्यांचे पुस्तक कोणी हाती धरले नसते.

आमच्या धर्मग्रामाच्या वाचनालयात ‘आइसब्रेकर’ ठेवावी काय, अशी विचारणा झाली आहे. प्रौढांच्या कपाटात ठेवावी, असे आम्ही कळविले आहे, आणि तिच्या शेजारी ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’च्या दोन प्रती.